३०६० की ४०६०? लहान आकड्यांचं कार्ड पुढे कसं जातं

आजचा भाग जरा आकडेमोडीचा आहे, पण घाबरू नका. पाचवी-सहावीच्या गुणाकार-भागाकारापलीकडे आपण जाणार नाही.

प्रश्न असा आहे. "ताई, पहिल्यांदाच पीसी बांधतोय. आरटीएक्स ३०६० घेऊ की आरटीएक्स ४०६०?" शब्द थोडे वेगळे असतात, पण हा प्रश्न सारखा येत असतो. आणि बहुतेक वेळा त्याच्या मागे अजून एक वाक्य असतं. "दुकानदार म्हणतो नवीन घे, मित्र म्हणतो १२ जीबीचं घे."

यात दुकानदारही खोटं बोलत नाही आणि मित्रही नाही. गंमत तिथेच आहे. पण पैसे तुमचे जाणार आहेत. दोन्ही कार्डं नवीन घ्यायची म्हटलं तर खिशाला चांगलाच खड्डा पडतो. कुणी सुट्टीत काम करून ते पैसे साठवलेत, कुणाच्या घरच्यांनी दुसरा एखादा खर्च पुढे ढकलून दिलेत. आणि एकदा कार्ड बसलं की ते पुढची चार वर्षं तरी तिथेच राहणार. म्हणून आज नुसतं "हे घ्या" असं सांगून मी मोकळी होणार नाही. दोन्ही कार्डांचे स्पेक्स आपण ओळीने वाचू आणि कोणत्या आकड्याचा तुमच्याशी संबंध आहे, ते शोधू.

आधी कागद वाचूया. ऐकणाऱ्यांसाठी हळू वाचते.

आरटीएक्स ३०६०. बाजारात आलं २०२१ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतला जाहीर भाव ३२९ डॉलर. क्युडा कोर ३५८४. बूस्ट क्लॉक १.७८ गिगाहर्ट्झ. मेमरी १२ जीबी, जीडीडीआर६. मेमरी बस १९२ बिट. बँडविड्थ सेकंदाला ३६० जीबी. वीज १७० वॉट. आणि मदरबोर्डशी जोडणी पीसीआय एक्सप्रेस ४.०, १६ लेनची.

आता आरटीएक्स ४०६०. आलं २०२३ च्या जूनमध्ये, जाहीर भाव २९९ डॉलर. क्युडा कोर ३०७२. बूस्ट क्लॉक २.४६ गिगाहर्ट्झ. मेमरी ८ जीबी, तीही जीडीडीआर६. बस १२८ बिट. बँडविड्थ सेकंदाला २७२ जीबी. वीज ११५ वॉट. जोडणी पीसीआय एक्सप्रेस ४.०, पण लेन फक्त ८.

ऐकलंत? कोर कमी, मेमरी कमी, बस अरुंद, बँडविड्थ कमी, लेन अर्ध्या. नावं झाकून हा कागद कुणालाही दाखवा, तो म्हणेल पहिलं कार्ड भारी. आणि तरीसुद्धा १०८० पी रिझोल्यूशनवर, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या मॉनिटरवर, बहुतेक गेममध्ये ४०६० साधारण वीस टक्क्यांच्या आसपास पुढे जातं. फ्रेम जनरेशन वगैरे काही न वापरता.

हे कसं काय? चला, एकेक ओळ घेऊ.

पहिली ओळ, क्युडा कोर. कोर म्हणजे काम करणारे हात. पण हात किती आहेत एवढ्यावर काम ठरत नाही, ते किती भराभर चालतात तेही बघावं लागतं. कोरांची संख्या, गुणिले क्लॉक, गुणिले दोन. दोन कशासाठी, तर प्रत्येक कोर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज अशी दोन कामं करू शकतो. ३०६० चं उत्तर येतं सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स. ४०६० चं येतं सुमारे १५.१. म्हणजे पाचशेहून जास्त कोर कमी असूनही कागदावरची ताकद एकोणीस टक्के जास्त. कारण एकच, क्लॉक. ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनते आणि ४०६० ची टीएसएमसीच्या ४एन प्रक्रियेवर. दुसरी प्रक्रिया बरीच पुढची आहे. त्यामुळे चिप जास्त वेगाने पळते, आणि वर वीजही कमी खाते.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं झालं की! सरळ टेराफ्लॉप्स बघायचे आणि जास्त असेल ते उचलायचं. थांबा जरा. आरटीएक्स २०८० टीआय हे २०१८ चं कार्ड आहे, ४३५२ कोर, साधारण १३.४ टेराफ्लॉप्स. दोन वर्षांनी आलेलं आरटीएक्स ३०७० घ्या, ५८८८ कोर, २०.३ टेराफ्लॉप्स. कागदावर दीडपट. गेममध्ये मात्र दोघं जवळपास बरोबरीला. कारण ३० सिरीजमध्ये एनव्हिडियाने कोरची मांडणीच बदलली. आधी पूर्णांकांच्या गणितासाठी जे हात राखून ठेवलेले होते, त्यांनाच दशांशाचं कामही करता येईल असं केलं. मोजताना कोर दुप्पट दिसायला लागले, पण त्यातल्या अर्ध्यांना दोन्ही कामं आलटून पालटून करावी लागतात.

म्हणून लक्षात ठेवा. कोर आणि टेराफ्लॉप्स यांची तुलना एकाच घराण्यात चालते. ३० आणि ४० सिरीजच्या कोरची मांडणी बरीच सारखी आहे, म्हणून आपला हिशोब इथे जुळला. एनव्हिडियाचे क्युडा कोर आणि एएमडीचे स्ट्रीम प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवून बघत बसू नका. रुपये आणि दिरहम तसेच एकाखाली एक लिहून बेरीज केल्यासारखं होईल ते.

दुसरी ओळ, बस आणि बँडविड्थ. हे दोन आकडे वेगवेगळे दिसतात, पण एकातून दुसरा निघतो. बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता, बिट म्हणजे त्याच्या लेन. ३०६० ला १९२ लेन, प्रत्येकीवरून सेकंदाला १५ गिगाबिट. गुणाकार करा आणि बिटचं बाइट करायला आठने भागा. उत्तर ३६०. ४०६० ला लेन १२८, पण प्रत्येकीवर वेग १७. गुणिले करून आठने भागा. उत्तर २७२. म्हणजे रस्ता अरुंद केला, वेगमर्यादा थोडी वाढवली, तरी एकूण वाहतूक जवळपास पाव हिश्शाने घटली.

मग अशा रस्त्यावर जास्त ताकदीची चिप उपाशी कशी राहत नाही? याचं उत्तर दुकानातल्या खोक्यावर सहसा छापलेलं नसतं. ते आहे एल-टू कॅशे. ३०६० मध्ये ही कॅशे आहे ३ एमबी. ४०६० मध्ये २४ एमबी. आठपट!

लग्नाचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. आचारी म्हणजे कोर. ओटा आणि आजूबाजूची मांडणी म्हणजे कार्डाची मेमरी, व्हीरॅम. आता फोडणीला दर वेळी मोहरी, जिरं, हळद आणायला आचारी पलीकडच्या मांडणीपर्यंत चालत गेला तर वाटेत नुसती गर्दी होईल. म्हणून मिसळणाचा डबा हाताशी असतो. तो डबा म्हणजे कॅशे. ३०६० चा डबा लहान, म्हणून वाट रुंद लागते. ४०६० चा डबा आठपट मोठा, म्हणून फेऱ्या कमी, म्हणून अरुंद वाटही पुरते.

गेममध्ये हे छान जमतं, कारण एका फ्रेममध्ये तोच तो डेटा पुन्हा पुन्हा लागतो. डब्यात जे आहे तेच सारखं वापरलं जातं. पण रिझोल्यूशन वाढवलं, १४४० पी केलं, त्याहून पुढे ४के केलं, की डब्यात मावत नाही असा डेटा वाढत जातो. फेऱ्या वाढतात आणि अरुंद वाट जाणवायला लागते. ४०६० ची आघाडी १०८० पीला जशी दिसते तशी वर टिकत नाही, ती यामुळे.

आता तिसरी ओळ, आणि भांडणाचं खरं मूळ. १२ जीबी की ८ जीबी?

व्हीरॅमबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ती पुरते तोपर्यंत जास्त असण्याचा वेगाला काहीही फायदा नाही. एखादा गेम ६ जीबी वापरत असेल, तर १२ जीबीच्या कार्डावर उरलेली ६ जीबी नुसती पडून राहते. पण गेमला ९ जीबी लागली, की ८ जीबीच्या कार्डावर चित्र एकदम पालटतं. ओटा भरला, आता जास्तीचं सामान कुठे ठेवायचं? मागच्या कोठीत. म्हणजे कंप्युटरच्या साध्या रॅममध्ये. आणि तिथून सामान आणायची वाट आहे पीसीआय एक्सप्रेसची, जी कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या तुलनेत बोळच म्हणायची. गेम दहा टक्क्यांनी हळू होत नाही, तो अडखळतो. वळणावर कॅमेरा फिरवला की झटका बसतो, भिंतीवरची टेक्सचर चिखल फासल्यासारखी दिसतात आणि काही सेकंदांनी उमटतात.

२०२३ च्या सुरुवातीला पीसीवर आलेले हॉगवॉर्ट्स लेगसी आणि द लास्ट ऑफ अस पार्ट वन आठवा. ८ जीबीच्या कार्डांची त्या वेळी किती चर्चा झाली होती! पुढे पॅच आले, परिस्थिती सुधारली, पण दिशा तर दिसली. मोठे नवे गेम अल्ट्रा टेक्सचरवर ८ जीबीत मावायला कुरकुर करतात. उपायही साधा आहे. टेक्सचर अल्ट्रावरून हाय किंवा मीडियमवर आणा. बऱ्याच गेममध्ये फरक डोळ्याला पटकन कळतही नाही. पण हे आजचं झालं. चार वर्षं वापरायचं असेल, तर दर वर्षी एक पायरी खाली उतरायची तयारी ठेवा.

आणि व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, जीटीए ५ एवढंच खेळणार असाल? मग दोन्ही कार्डं पुरून उरतात. व्हीरॅमचं टेन्शन घेऊ नका.

आता कोठीच्या वाटेचा विषय निघालाच आहे, तर चौथी ओळ. १६ लेन आणि ८ लेन. ही ओळ वाचायची राहून जाते, आणि जुना पीसी अपग्रेड करणाऱ्याला नेमकी तीच महागात पडू शकते.

४०६० नव्या मदरबोर्डवर, पीसीआय ४.० वर, ८ लेन घेऊन चालतं. एका दिशेने सेकंदाला साधारण १६ जीबी. ठीक आहे. पण तुमच्याकडे बी४५० बोर्ड आहे, किंवा इंटेलचा दहाव्या पिढीचा आय५ १०४०० आहे, किंवा रायझन ५६०० जी आहे, तर तिथे पीसीआय ३.० आहे. लेनचा वेग निम्मा. ४०६० ला मिळणार ८ लेन, जुन्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. ३०६० ला त्याच बोर्डवर १६ लेन मिळतात, म्हणजे १६ जीबी.

व्हीरॅम पुरत असेल तोवर या फरकाने फारसं बिघडत नाही, थोडेफार फ्रेम इकडे तिकडे. पण ८ जीबी भरली की हीच वाट कामाला येते, आणि ४०६० ला नेमकं तेव्हाच अर्ध्या बोळातून जावं लागतं. म्हणजे ज्याचा ओटा लहान, त्याचीच कोठीची वाटही अरुंद. दोन अडचणी एकाच वेळी. म्हणून जुन्या बोर्डवर नवं कार्ड टाकणाऱ्यांनो, आधी आपला प्रोसेसर आणि बोर्ड कोणत्या पीसीआय पिढीचा आहे ते बघा.

आता गेम बाजूला ठेवू. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कार्ड शिकण्यासाठीही हवं असतं. कुणी ब्लेंडर शिकतंय, कुणी घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवून बघतंय. इथे आत्तापर्यंतचा हिशोब उलटतो, आणि का उलटतो ते कळलं तर आजचा भाग सार्थकी लागला म्हणा.

भाषेचं मॉडेल घरी चालवताना एकेक टोकन, म्हणजे शब्दाचा तुकडा, तयार होतो. आणि प्रत्येक टोकनसाठी साधारणपणे अख्खं मॉडेल मेमरीतून एकदा वाचावं लागतं. समजा मॉडेल साडेचार जीबीचं आहे. आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये दाबलं की साधारण तेवढंच होतं. मग ३०६० ची कमाल मर्यादा किती? ३६० भागिले साडेचार, सेकंदाला ८० टोकन. ४०६० ची? २७२ भागिले साडेचार, ६० च्या आसपास. प्रत्यक्षात दोन्हीकडे यापेक्षा कमीच मिळतं, पण प्रमाण साधारण हेच राहतं. जुनं कार्ड जिंकलं! टेराफ्लॉप्स कमी असूनही.

मग तो आठपट मोठा मिसळणाचा डबा कुठे गेला? तो आहे तिथेच आहे. पण डबा २४ एमबीचा आणि दर वेळी वाचायचंय साडेचार जीबी. डब्यातली मोहरी पुन्हा वापरायची वेळ येण्याआधी अख्खी कोठी फिरून व्हावी लागते. इथे डबा लहान काय नि मोठा काय. इथे रुंद वाटच लागते.

आणि मॉडेल मोठं घेतलं तर? तेरा अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये सात-आठ जीबीच्या घरात जातं. त्यावर संभाषणाची जागा वेगळी. विंडोज आणि ब्राउझरही थोडी व्हीरॅम खातात. ८ जीबीत हे मावताना मारामार होते, १२ जीबीत आरामात बसतं. ब्लेंडरमध्येही तसंच. सीन मावतो तोवर ४०६० रेंडर लवकर देतं. सीन मोठा झाला, जास्त टेक्सचर, जास्त झाडं-पानं, की ८ जीबीवर एक तर वेग पडतो नाही तर मेमरी संपल्याचा निरोप येतो. अर्ध्यावर थांबलेल्या रेंडरचा वेग शून्य असतो.

आता ४०६० ची बाजू. कारण त्याच्याकडे अशा तीन गोष्टी आहेत, ज्या मेमरीच्या ओळीत दिसत नाहीत.

पहिली, डीएलएसएस ३ चं फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड एक फ्रेम स्वतः तयार करून घालतं. आकडा एकदम वाढतो, चित्र गुळगुळीत दिसतं. पण जाहिरातीत "अमुक पट वेगवान" दिसलं तर विचारा, हे फ्रेम जनरेशन चालू ठेवून मोजलंय का? कारण मधली फ्रेम तुमच्या बटणाला प्रतिसाद देत नाही. हाताला जाणवणारा वेग खऱ्या फ्रेमचाच असतो. मुळात ६० फ्रेम मिळत असतील तर हे फीचर मजा आणतं. मुळात २५ मिळत असतील तर दिसायला ५०, खेळायला चिखल. शिवाय या फीचरला स्वतःलाही थोडी व्हीरॅम लागते. ३०६० वर एनव्हिडियाचं हे फीचर नाही. त्यावर डीएलएसएसचं अपस्केलिंग आहे, आणि ज्या गेममध्ये एएमडीचं एफएसआर ३ आहे तिथे त्याचं फ्रेम जनरेशन चालवता येतं.

दुसरी, एव्ही१ एन्कोडर. यूट्यूबसाठी रेकॉर्डिंग, स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. ३०६० एव्ही१ व्हिडिओ बघू शकतं, बनवू शकत नाही. ४०६० बनवूही शकतं. तेवढ्याच डेटात जास्त स्वच्छ चित्र. घरी अपलोडचा वेग यथातथा असेल, तर हा फायदा छोटा नाही.

तिसरी, वीज. १७० वजा ११५, म्हणजे ५५ वॉटचा फरक. रोज चार तास पूर्ण ताकदीने गेम खेळलात तर दिवसाला २२० वॉट-तास. वर्षाला साधारण ८० युनिट. समजा युनिट दहा रुपये धरलं, तर वर्षाचे आठशे रुपये. चार वर्षांत तीन हजारांच्या वर. दोन कार्डांच्या भावात दोन हजारांचा फरक असेल, तर हा आकडा त्या फरकात धरा. आणि ते वॉट शेवटी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, पंख्याखाली बसून खेळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता खरेदीच्या वेळचे खड्डे. हे नीट ऐका.

पहिला खड्डा, नाव तेच, कार्ड वेगळं. आरटीएक्स ३०६० या नावाचं एक ८ जीबीचं कार्डही आहे, २०२२ च्या शेवटी आलेलं. त्यात नुसती ४ जीबी कमी नाही. बस १९२ वरून १२८ वर आलीय. करा गुणाकार. १२८ गुणिले १५, भागिले ८, म्हणजे २४०. रस्ता एक तृतीयांशाने गेला. ३०६० घ्यायचं कारणच १२ जीबी आणि १९२ बिट आहे, ते दोन्ही यात नाही. तेव्हा बिलावर "३०६०" एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका, "१२ जीबी" लिहून घ्या.

दुसरा खड्डा, लॅपटॉप. लॅपटॉपमधलं ३०६० हे ६ जीबीचं असतं. लॅपटॉपचं ४०६० ८ जीबीचं आहे, पण कंपनी त्याला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. एकाच नावाचे दोन लॅपटॉप आणि वेगात मोठा फरक, असं होतं ते यामुळेच. तिथे विचारायचा आकडा वॉटचा. आजचा आपला हिशोब डेस्कटॉपचा आहे, तो जसाच्या तसा लॅपटॉपला लावू नका.

तिसरा खड्डा, सेकंडहँड. ३०६० आलं तेव्हा इथेरियमच्या मायनिंगचं वेड जोरात होतं. एनव्हिडियाने या कार्डावर मायनिंगचा वेग कमी करणारं कुलूप लावलं होतं, आणि मार्च २०२१ मध्ये कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरने ते उघडलंही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धतच बदलली, ग्राफिक्स कार्डाने मायनिंग करायचं कारण संपलं, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे झिजलेले असू शकतात. तेव्हा लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर गावातल्या ओळखीच्याकडून घ्या, समोर चालवून बघा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडा आणि आजचे आकडे ताडून पाहा. कोर ३५८४, मेमरी १२ जीबी, बस १९२ बिट. मग पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम किंवा टेस्ट चालवा. मूळ बिल आणि वॉरंटी विचारा. हे करायला कुणी नाही म्हणालं, तर राम राम म्हणून निघा.

मग घ्यायचं कोणतं? स्वतःला चार प्रश्न विचारा.

एक, मुख्य काम काय? १०८० पीवर गेम आणि थोडं स्ट्रीमिंग असेल तर ४०६०. ब्लेंडर, एआय, मोठ्या फाइलींचं काम असेल तर ३०६०, १२ जीबीवालं.

दोन, बोर्ड कोणत्या पिढीचा? पीसीआय ३.० असेल आणि जड नवे गेम अल्ट्रावर खेळायचे असतील, तर पारडं ३०६० कडे झुकतं.

तीन, किती वर्षं चालवायचं? दोन-तीन वर्षांत बदलणार असाल तर आजचा वेग बघा. चार-पाच वर्षं ओढायचं असेल तर मेमरी बघा.

चार, एकूण खर्च किती? भाव, वीज आणि वॉरंटी. सेकंडहँड ३०६० आणि नवं ४०६० यांची तुलना करताना वॉरंटीलाही किंमत असते.

दोघं मिळून एकच पीसी वापरणार असाल, ताई ब्लेंडर शिकतेय आणि भाऊ गेम खेळतोय, तर? माझं मत १२ जीबीकडे. गेम थोडा हळू चालला तर सेटिंग एक पायरी खाली आणता येते. मेमरी कमी पडली तर ती वाढवता येत नाही, कारण ग्राफिक्स कार्डाला रॅमसारखी जास्तीची पट्टी लावायची सोय नाही.

आणि ही दोन कार्डं जुनी झाली तरी आजची रीत जुनी होणार नाही. करून बघा. आरटीएक्स ५०६० आलं मे २०२५ मध्ये. मेमरी पुन्हा ८ जीबी. बस पुन्हा १२८ बिट. पण मेमरी जीडीडीआर७, प्रत्येक लेनवर २८ गिगाबिट. तुम्हीच सांगा बँडविड्थ किती. १२८ गुणिले २८, भागिले ८. बरोबर, ४४८. म्हणजे वाटेची अडचण बरीच सुटली. ओटा मात्र तेवढाच राहिला. खोक्यावर कितीही मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो, तुम्हाला आता एवढं स्वतः काढता येतं.

तर मंडळी, दुकानात जाण्याआधी हे चार प्रश्न फोनच्या नोट्समध्ये टाकून ठेवा. पहिल्यांदा पीसी बांधणारा कुणी मित्र-मैत्रीण असेल, तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचवा, पैसे मोजून झाल्यावर नाही, आधी. तुमच्या बोर्डचं आणि प्रोसेसरचं नाव कळवा, तुमचा हिशोब आपण मिळून करू. पुढच्या भागात पॉवर सप्लायबद्दल बोलू, कारण ग्राफिक्स कार्डावर सगळे पैसे घालून शेवटी स्वस्तातला पॉवर सप्लाय उचलणारे बरेच आहेत.

तोपर्यंत मजेत राहा, आणि बिल जपून ठेवा. नमस्कार!